जळगावात जॅझ आणि क्लासिकल एकाच बैठकीत : कागद संपतो कुठे?

ताप्तीकाठ

राम राम मंडळी,

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी जळगावात एका कॉलेजच्या हॉलमध्ये पाच वादकांचा कार्यक्रम झाला. व्हायोलिन, चेलो, क्लॅरिनेट, डबल बास, पियानो. ड्रम नाही, तबला नाही आणि देवाच्या कृपेने निवेदकही नाही. पास बायकोच्या मैत्रिणीने दिले होते. कार्यक्रमानंतर शेवभाजी खायची ठरली होती, मी मुख्यतः त्यासाठी गेलो, हे आधीच कबूल करतो.

पत्रिकेवर 'चेंबर जॅझ' असं छापलं होतं. शेजारच्या काकांनी विचारलं, "चेंबर म्हणजे?" आपल्याकडे चेंबर म्हटलं की नगरपालिकेचं, झाकण गेलेलं. म्हटलं, काका, दिवाणखान्यात बसून ऐकायचं संगीत. एका ओळीला एकच वादक, समोर काठी हलवणारा कोणी नाही, सगळे एकमेकांकडे बघून वाजवतात. काका म्हणाले, "म्हणजे भजनी मंडळ." याला मला उत्तर सुचलं नाही. अजून सुचलेलं नाही.

सुरुवात बाख या जुन्या जर्मन संगीतकाराच्या 'एअर'ने झाली. तिसऱ्या ऑर्केस्ट्रल स्वीटमधली, बऱ्याच जणांनी कुठे ना कुठे ऐकलेली असते. पहिल्यांदा जशीच्या तशी : वर व्हायोलिनचा एकच स्वर लांबवर धरलेला आणि खाली बास पायऱ्या उतरल्यासारखा एकेक पाऊल टाकत जातो. मग बासवाल्याने गज बाजूला ठेवला आणि त्याच पायऱ्या बोटांनी छेडत उतरू लागला. पावलं तीच, पण आता जरा डुलत. पियानोवाला मूळ चालीपासून लांब लांब जात राहिला. दोन-तीन मिनिटं ती चाल कोणीच वाजवत नव्हतं आणि तरी मला ती ऐकू येत होती. माझ्या अंगावर काटा आला तो इथे.

(बाखला जॅझ त्रिकुटात बसवायचा प्रयोग जुनाच आहे. फ्रान्सच्या जाक लुसिए यांनी तो १९५९ पासून रेकॉर्डवर आणला. पण रेकॉर्ड ऐकणं वेगळं आणि बासवाल्याची बोटं बघत ऐकणं वेगळं.)

नंतर राव्हेल या फ्रेंच संगीतकाराच्या व्हायोलिन सोनाटाचा दुसरा भाग. त्याचं नावच 'ब्लूज', म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या गाण्याचा प्रकार. सोनाटा १९२७ साली पुरा झाला. सुरुवातीला व्हायोलिनवाली गज न लावता तारा छेडते, बॅन्जोसारख्या. आपला वरातीतला बटणांचा बॅन्जो नव्हे, अमेरिकेतला. गंमत अशी की इथे सगळं जॅझसारखं वाटतं, पण एकेक सुर लिहिलेला आहे. मनाचं काहीच नाही. आणि आधीच्या बाखमध्ये, जिथे सगळं लिहिलेलं असणार असं आपण धरून चालतो, तिथे निम्मं मनाचं होतं.

मध्यंतरानंतर त्यांनी साधा बारा बारचा ब्लूज घेतला. मी सवयीने मांडीवर मोजायला लागलो. चार मात्रांचा एक बार, चार बारची एक ओळ, म्हणजे सोळा मात्रा. चक्क तीनतालाचं एक आवर्तन. अशा तीन ओळी : पहिली ओळ, तीच पुन्हा, मग तिसरीत उत्तर. एकूण अठ्ठेचाळीस मात्रा, तीन आवर्तनं, परत सम. एकदा हे हाताला लागल्यावर मी हरवलो नाही. फक्त टाळीचा घोळ झाला. आपली टाळी पहिल्या मात्रेवर पडते, त्यांची दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर. हॉलमधले अर्धे लोक एका बाजूला, अर्धे दुसऱ्या.

आता तक्रार. साउंड. प्रत्येक वाद्याला वेगळा माइक आणि वर असा इको की चेलो विहिरीतून बोलतोय असं वाटावं. पाच माणसं खोलीत गप्पा मारत असताना प्रत्येकाच्या हातात लाउडस्पीकर द्यावा, तसं झालं.

प्रश्न असा, की लिहिलेलं कुठे संपलं आणि मनातलं कुठे सुरू झालं, हे तुम्हा जाणकारांना ऐकून कळतं का? मला बाखमध्ये कळलं, शेवटच्या दोन तुकड्यांत अजिबात नाही.

---

वांग्याचं_भरीत

छान लिहिलंय. शेवभाजीचं काय झालं ते लिहिलं नाही. वृत्तांत अपूर्ण आहे.

---

षड्जपंचम

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. फ्यूजन नावाची भेळ मी बरीच खाल्ली आहे. दहा मिनिटं एकमेकांकडे बघून हसायचं, मग सगळ्यांनी मिळून जोरात वाजवायचं आणि लोकांनी उभं राहायचं. आपल्याकडे मनाचं गाणाऱ्याला रागाची चौकट असते. वादी-संवादी, वर्ज्य स्वर, न्यास. तो हवा तिकडे जातो, पण घराची भिंत ओलांडत नाही. यांची भिंत कुठली?

आणि पाश्चात्त्य क्लासिकलवाल्यांना तर कागदाशिवाय 'सा'सुद्धा लागत नाही, असं ऐकून आहे.

---

यवनिका

षड्जपंचम काका, शेवटचं वाक्य मागे घ्या. :)

मी नाशिकला व्हायोलिन शिकते, माहेर चोपड्याचं. भिंत आहे आणि ती तुम्हाला ओळखीची वाटेल. बाखच्या काळात पियानोच्या आधीचं वाद्य, म्हणजे हार्प्सिकॉर्ड वाजवणाऱ्यापुढे पुरं लिहिलेलं नसायचंच. फक्त खालची बासची ओळ आणि तिच्यावर आकडे. ६, ४, ७ असे. त्यावरून उजव्या हाताने काय भरायचं ते वादकाने जागच्या जागी ठरवायचं. आज जॅझवाला समोर जो कागद ठेवतो त्यावर काय असतं? वर चाल आणि तिच्या डोक्यावर कॉर्डची, म्हणजे एकदम वाजवायच्या सुरांच्या जुडीची नावं. आत काय भरायचं ते त्याचं त्याने बघायचं. अडीचशे वर्षांचं अंतर, पण नोकरी तीच. म्हणून बाख जॅझमध्ये इतका सहज बसतो.

मोझार्टच्या कॉन्चेर्टोत, म्हणजे एकटा वादक आणि ऑर्केस्ट्रा यांच्या रचनेत, एक जागा येते, तिथे सगळा ऑर्केस्ट्रा थांबतो आणि एकटा वादक आपल्या मनाने वाजवतो. तिला कॅडेन्झा म्हणतात. पुढे लोकांनी कॅडेन्झाही लिहून ठेवायला सुरुवात केली, मग त्या पाठ करायला सुरुवात केली. मनाचं वाजवायची सवय मोडली ती तिथून. म्हणजे क्लासिकलवाल्यांना येत नव्हतं असं नाही, विसरले.

आणि जॅझची भिंत म्हणजे हार्मनीचा, कॉर्डचा क्रम. ताप्तीकाठ यांनी मोजलेल्या ब्लूजमध्ये पहिल्या चार बारांत घर 'सा'चं, पाचव्या बारला 'म'च्या घरी जायचं, दोन बारांनी परत 'सा', नवव्या बारला 'प'. वरती काहीही वाजवा, पाचव्या बारला 'म'च्या घरी पोचला नाहीत तर बाकीचे चौघं तिथे उभे आणि तुम्ही रस्त्यावर.

---

षड्जपंचम

आकड्यांचं माहीत नव्हतं. मागे घेतलं. अर्धं.

राग हे घर आहे, तुमचं ते वेळापत्रक आहे. पाचव्या बारला फलाट बदला. पॅसेंजरने आयुष्यभर जा-ये केलेल्या माणसाला हे समजायला हरकत नाही.

---

अप्पा_अमळनेर

धागा आवडला. माझी सगळी नोकरी मुंबईत झाली, आता अमळनेरला असतो. म्हाताऱ्याचं थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

जॅझ आपल्याकडे नवीन नाही. १९३० च्या दशकात मुंबईत ताजमहाल हॉटेलात अमेरिकेतले काळे वादक बँड घेऊन येत, त्यांच्याबरोबर आणि त्यांच्या मागे गोव्याचे वादक वाजवत. हीच गोव्याची मंडळी पुढे हिंदी सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात गेली. हॉटेलात जॅझ, चर्चमध्ये क्लासिकल आणि स्टुडिओत पोट. तिन्ही एकाच माणसाच्या बोटांत. त्यातलेच अँथनी गोन्साल्विस. त्यांनी १९५८ मध्ये मुंबईत स्वतःचा सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा करून हिंदुस्थानी राग त्यावर बसवायचा घाट घातला होता, लता मंगेशकर आणि मन्ना डे गायला होते. लोकांना मात्र त्यांचं नाव आठवतं ते एका सिनेमातल्या गाण्यामुळे.

१९७८ मध्ये मुंबईत 'जॅझ यात्रा' सुरू झाली. मी पहिल्या वर्षी गेलो होतो तो ऑफिसातल्या एका गोवेकर मित्राने ओढून नेलं म्हणून. घरी भजनाला जातो सांगितलं होतं.

आता तुमच्या पत्रिकेवरच्या शब्दाबद्दल. जॅझ आणि क्लासिकल यांच्या मिश्रणाला अमेरिकेत गुंथर शुलर यांनी १९५७ मध्ये 'थर्ड स्ट्रीम' म्हटलं, तिसरा प्रवाह. हे गृहस्थ स्वतः न्यूयॉर्कच्या ऑपेरात फ्रेंच हॉर्न वाजवत आणि जॅझचे ट्रम्पेटवाले माइल्स डेव्हिस यांच्याबरोबर रेकॉर्डिंगलाही बसत. म्हणजे दोन्ही घरचं जेवलेला माणूस. त्यांचं म्हणणं असं की हे जॅझही नाही आणि क्लासिकलही नाही, तिसरंच काही आहे.

आपल्याकडे चांगदेवला तापी-पूर्णेचा संगम आहे. पुराच्या दिवसांत तिथे दोन रंगांचं पाणी काही अंतर शेजारी शेजारी चालताना मी पाहिलंय. मग मिसळतं. पण पुढे भुसावळला तिला तिसरं नाव कोणी देत नाही, तापीच म्हणतात. शुलरसाहेबांचं मला म्हणूनच पूर्ण पटत नाही. ताप्तीकाठ यांनी सांगितलेल्या बाखमध्ये नाव बाखचंच राहिलं ना?

त्याच सुमारास 'मॉडर्न जॅझ क्वार्टेट' नावाचा चौघांचा संच होता. १९५२ मध्ये सुरू झाला. काळे कोट, बो टाय, क्लबाऐवजी कॉन्सर्ट हॉल, आवाज असा हळू की लोकांनी आपोआप बोलणं बंद करावं. जॉन लुईस पियानोवर शिस्तीत फ्यूग (एकच चाल एकामागून एक आवाजांत गुंफत नेणं) मांडायचे आणि शेजारी मिल्ट जॅक्सन व्हायब्राफोनवर (धातूच्या पट्ट्यांवर काठ्यांनी वाजवायचं वाद्य) अस्सल ब्लूज. त्या दोघांची ओढाताण हीच त्यातली गंमत. दोघे सारखे असते तर झोप आली असती.

---

गिरणेचा_गाळ

माले निम्मं समजनं नही, पन वाचाले मज्या उनी. अप्पा, अजून लिखा.

---

बँडवाल्याचा_भाचा

या कार्यक्रमाला मीही होतो, मागून तिसऱ्या रांगेत. सोबत मामा होता. मामा चाळीस वर्षं लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवतो (तो क्लॅरोनेटच म्हणतो, मीही तेच म्हणणार). त्याला इथे लिहिता येत नाही म्हणून त्याच्या वतीने मी.

आत शिरल्या शिरल्या त्याने क्लॅरोनेटवाल्याचं तोंड बघितलं. म्हणाला, "गाल फुगत नाहीत याचे. रस्त्यावरचा नाही." मामाचं वाद्य मेरठच्या जली कोठीतलं, दोन चाव्यांना रबरबँड. माघातल्या लग्नात पहाटे थंडीने वाद्य उतरतं, तेव्हा तो ते कोटाच्या आत बगलेत धरून बसतो आणि मगच तोंडाला लावतो. इथेही तो माणूस सुरू करण्याआधी नुसती हवा फुंकत होता, तर मामा मला कोपराने ढोसून म्हणाला, "बघ, तेच."

दुसरं त्याने सांगितलं ते मला माहीत नव्हतं. पेटीतली काळी पाच, तिला क्लॅरोनेटवाला 'सा' म्हणतो. म्हणजे पियानोवाल्याचा कागद आणि याचा कागद एक नसतो. बँडमध्ये पेटीवाला गायक नवीन आला की पहिलं भांडण यावरूनच होतं.

आता ताप्तीकाठ भाऊंच्या प्रश्नाचं उत्तर, जे मामाने कार्यक्रम चालू असतानाच दिलं होतं. शेवटून दुसऱ्या तुकड्यात तो माझ्या कानात म्हणाला, "चार मिनिटं झाली, पान पलटलं नाही त्याने." मी बघायला लागलो. खरंच. व्हायोलिनवाली पान उलटत होती, चेलोवाला उलटत होता, क्लॅरोनेटवाल्याचं पान तिथेच. आणि त्याचे डोळे कागदावर नव्हतेच, व्हायोलिनवालीच्या गजावर होते. ती गज खालून वर घ्यायला लागली की हा आपलं वाक्य आवरतं घ्यायचा. पाच-सहा वेळा तरी झालं. मग एकदम दोघं एकाच सुरावर आणि त्याने पान उलटलं. मामा म्हणाला, "आला घरी."

मामाचं म्हणणं, वरातीत हेच असतं. गाणं सगळ्यांना पाठ, पण नवरदेवाचे मित्र हलत नाहीत तोवर अंतरा संपवायचा नाही. डोळे नाचणाऱ्यांच्या पायावर ठेवायचे आणि बोटं चालू. नोटांची माळ कोण काढतो त्यावरही ठेवायचे, पण ते वेगळं.

---

यवनिका

मामांना माझा नमस्कार सांगा. आम्हाला हे शिकवायला सरांना दोन वर्षं लागली.

यावरून आठवलं. अमेरिकन संगीतकार गर्श्विनची 'ऱ्हॅप्सडी इन ब्लू' न्यूयॉर्कच्या इओलियन हॉलमध्ये १२ फेब्रुवारी १९२४ ला पहिल्यांदा वाजली, तेव्हा पियानोचा काही भाग कागदावर उतरलाच नव्हता. गर्श्विन स्वतः पियानोवर होते, ते जागच्या जागी वाजवणार. संचालकाच्या प्रतीत तिथे फक्त सूचना : मान हलवेपर्यंत थांबा. म्हणजे सगळा बँड एका माणसाच्या मानेकडे बघत बसलेला. आणि तिची सुरुवात क्लॅरिनेटच्या ज्या लांब मींडेने होते, तीही मुळात तशी लिहिलेली नव्हती. तालमीत क्लॅरिनेटवाल्याने थट्टा म्हणून सुर ओढत नेला, गर्श्विनना आवडलं, राहिलं ते कायमचं.

---

बँडवाल्याचा_भाचा

हे मामाला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "थट्टा कोणी केली ते नाव नाही लिहिलं?"

---

यवनिका

रॉस गॉर्मन. चूक माझी.

---

अप्पा_अमळनेर

भाचेबुवा, तुमच्या मामांना हेही सांगा की जॅझ मुळात बँडवाल्यांचंच. न्यू ऑर्लिन्स शहरात मयताला बँड असे, अजूनही असतो. जाताना संथ भजनासारखं वाजवत जायचं आणि माती देऊन परतताना नाचायला लावेल असं. मागे लोक रुमाल फिरवत चालतात. क्लॅरिनेट, ट्रम्पेट, मोठा ढोल, सगळं आपल्या ओळखीचं सामान. हॉलमध्ये खुर्च्या टाकून ऐकायचा प्रकार पुष्कळ नंतरचा.

---

षड्जपंचम

मामांच्या "आला घरी" या दोन शब्दांवर मी आख्खा दिवस घालवला. आमच्याकडे समेवर येताना म्हणायचं ते हेच.

उरलेलं अर्धंही मागे घेतो. पण ड्रम नसताना लय कोण धरत होतं? तबल्याशिवाय मला ते अधांतरी वाटलं असतं.

---

ताप्तीकाठ

काका, बासवाला. एक बार, चार पावलं, रात्रभर. मी तरी त्याच्याच भरवशावर होतो. पॅरिसला १९३४ मध्ये जँगो राइनहार्ट आणि स्तेफान ग्रापेली यांनी नुसत्या तारांचा पाच जणांचा संच केला होता : एक व्हायोलिन, तीन गिटार, एक बास. ढोल-ताशा काही नाही आणि तरी पाय थांबत नाही.

आणि पान उलटण्याकडे माझं लक्षच नव्हतं. दोन तास समोर बसून जे दिसलं नाही ते मामांनी मागून तिसऱ्या रांगेतून बघितलं. आता त्या दोन तुकड्यांचं रेकॉर्डिंग कोणाकडे आहे का?

---

साउंडवाला_जळगाव

नमस्कार. मीच तो विहीरवाला. धागा मित्राने पाठवला.

बाजू ऐका. तो हॉल म्हणजे वर स्लॅब, खाली फरशी, दोन्ही बाजूंना काचा. टाळी वाजवली तर परत येऊन विचारते कोण आहे. त्यात अठरा पंखे. मंडळींची गाडी उशिरा आली, साउंड चेकला वीस मिनिटं मिळाली, त्यातली दहा पियानोचा स्टँड हलत होता त्यात गेली. आदल्या दिवशी तिथेच कराओके होता, इकोचं सेटिंग तेच राहिलं. ती चूक माझी, हात जोडतो. मध्यंतरात बासवाले दादा येऊन म्हणाले, तेव्हा बंद केला. दुसऱ्या भागात इको नव्हता, ताप्तीकाठ भाऊ, हे तुम्ही लिहिलं नाही.

पाच माइक का लावले? कारण लग्न, ऑर्केस्ट्रा, भाषणं, सगळीकडे आम्ही तेच करतो. गायक हळू तर त्याचा वाढव, ढोलक जास्त तर त्याचा कमी कर. मी सुरुवातीला चेलो कमी वाटला म्हणून वाढवला. दोन मिनिटांत चेलोवाल्याने स्वतःच वाजवणं हळू केलं. मी अजून वाढवला, त्याने अजून हळू केलं. तेव्हा डोक्यात शिरलं की तो मुद्दाम मागे सरकतोय, व्हायोलिनला जागा द्यायला. तोलायचं काम ते स्वतः करत होते आणि मी प्रत्येकाच्या पायात पाय घालत होतो. मग मी हात काढून घेतला.

पुढच्या वेळी माझ्या हातात असेल तर पाचांऐवजी दोनच चांगले कंडेन्सर माइक, समोर, माणसाच्या कानाच्या उंचीवर. बाकी त्यांचं ते बघतील. एक अडचण मात्र राहील. बासची सगळ्यात जाड तार सुमारे ४१ हर्ट्झला वाजते, वायरिंगचा गुणगुणाट ५० ला. एकाच गल्लीतले दोघं. गुणगुण काढायला गेलो की बासही जातो.

रेकॉर्डिंग आहे. मिक्सरमधून पेनड्राइव्हवर घेतलंय. कलाकारांना विचारून देतो, असंच नाही टाकणार.

---

ताप्तीकाठ

साउंडवाले भाऊ, इको बंद झाला हे माझ्या लक्षात आलं नाही. म्हणजे दुसरा भाग मला जास्त आवडला त्यात तुमचाही हात होता. तक्रार अर्धी मागे. (षड्जपंचम काकांकडून शिकलो.)

---

बँडवाल्याचा_भाचा

मामा विचारतोय, पुढचा कार्यक्रम विनामाइक होईल का? त्याला क्लॅरोनेटचा खालचा आवाज ऐकायचाय. म्हणतो रस्त्यावर जनरेटरच्या पुढे तो कधी वाजवताच येत नाही, सगळं आयुष्य वरच्या सप्तकात गेलं.

---

साउंडवाला_जळगाव

होईल. मामांना पहिल्या रांगेत बसवू. दीडशे खुर्च्या, त्याहून जास्त नको, खाली सतरंज्या टाकायच्या, काचांना मंडपवाल्याकडचे जाड पडदे आणि अठराच्या अठरा पंखे बंद.

पण मग जानेवारीतच ठेवा. मार्चच्या पुढे जळगावात मी पंखे बंद करणार नाही. लोक मारतील मला.